निगेटिव्ह रिपोर्टचा फोटो

माझा 'निगेटिव्ह' रिपोर्ट खरा होता. लॅब खरी, रक्त माझं, खालची सहीसुद्धा खऱ्या पॅथॉलॉजिस्टची. म्हणूनच मी फसलो. खोटा कागद असता तर कुणीतरी पकडला असता.

मला हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला होणारी विषाणूची लागण, आहे हे रक्तदान केल्यावर कळलं. त्याआधी ना कधी कावीळ, ना पोटदुखी. एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या आवरणाचं प्रथिन रक्तात आहे का ते बघणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली, सहा महिन्यांनी पुन्हा केली तरी पॉझिटिव्ह, म्हणजे आजार जुनाट. मग आईची तपासणी केली, तर तीही पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं ते मी नीट ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या 10 पैकी साधारण 9 बाळांमध्ये हा विषाणू मुक्काम ठोकतो. मोठेपणी लागण झाली तर 100 पैकी 95 जणांचं शरीर त्याला काही महिन्यांत स्वतःच हाकलून देतं. मी पहिल्या गटातला. फायब्रोस्कॅनमध्ये यकृत कडक झालेलं दिसलं, सिरॉसिसची, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते निबर होण्याची, सुरुवात. रोज एक टेनोफोविरची, विषाणू दाबून ठेवणारी गोळी सुरू झाली आणि सोबत एक ताकीद: "मला विचारल्याशिवाय ही एक दिवसही बंद करायची नाही."

दोन वर्षं घेतली. विषाणूचा डीएनए रक्तात सापडेनासा झाला, यकृताला इजा होतेय का ते दाखवणारी एसजीपीटी नॉर्मल झाली. पण एचबीएसएजीपुढचा 'पॉझिटिव्ह' काही हलेना. हा आजार एका ताटात जेवल्याने किंवा मिठी मारल्याने पसरत नाही, हे माहीत असूनही माझा कप वेगळा ठेवणारे नातेवाईक होते. त्या एका शब्दाचा मला इतका राग आला होता की तो कुणीही पुसून देतो म्हणाला असता तरी मी त्याच्या दारात गेलो असतो. गेलोच.

त्या गृहस्थांना सगळे 'सर' म्हणायचे. बोलणं गोड, ऐकून घेण्याची तयारी भरपूर. माझी फाइल त्यांनी पानन् पान वाचली. डॉक्टरांना एक वाईट शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "गोळी विषाणूला नुसती दाबून ठेवते, मूळ तसंच राहतं." हे खरं आहे! यकृताच्या पेशींच्या केंद्रकात विषाणूचा साचा दडून बसतो; गोळी त्याच्या नकला थांबवते, साचा बाहेर काढू शकत नाही. हे मला डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पुढे ते म्हणाले, "या गोळीने किडनी आणि हाडं जातात." हेही अर्धं खरं. टेनोफोविरच्या जुन्या प्रकाराने काहींना तो त्रास होतो, म्हणून तर मधूनमधून किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासतात आणि गरज पडली तर औषध बदलून देतात. पण दोन खऱ्या गोष्टी ऐकल्यावर तिसरी तपासायची सवय आपल्याला नसते. तिसरी गोष्ट अशी होती की त्यांची पूड 90 दिवसांत मूळच उपटते. पैसे तीन हप्त्यांत. आणि गोळी पहिल्या दिवसापासून बंद, कारण "औषधाला औषध कापतं".

बऱ्या झालेल्या लोकांशी त्यांनी फोनवर बोलणं करून दिलं. तेही खोटं बोलत नव्हते. कावीळ झाली, पूड घेतली, चार महिन्यांनी एचबीएसएजी निगेटिव्ह. आता कळतं की ते सगळे दुसऱ्या गटातले होते. मोठेपणी नुकतीच लागण झालेले, काहीही न करता बरे होणारे. श्रेय पुडीला.

बाराव्या दिवशी सरांनी तपासणीची चिठ्ठी दिली. तिच्यावर एकच नाव होतं, एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी. रिपोर्ट आला, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही. सर उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "निगेटिव्ह झालात!" मी कागद डाव्या हातात धरला आणि त्यांनी फोटो काढला. त्या आठवड्यात माझा अंगठा दारात सापडला होता, नख अर्धं काळं. फोटोत ते येतंय म्हणून मी जरा लपवायला गेलो तर म्हणाले, असू दे, नाव झाकू आपण. दुसरा हप्ता मी त्याच दिवशी दिला.

हा डीएनए दोन वर्षं निगेटिव्हच येत होता. गोळीमुळे. बारा दिवसांत तो वर यायला अवधीच मिळाला नव्हता. माझ्याच फाइलमध्ये तसेच चार रिपोर्ट होते आणि ते सरांनी वाचलेले होते. एचबीएसएजीचं काय, असं मी विचारलंही होतं. उत्तर मिळालं, "ती सावली असते, माणूस गेल्यावर मागाहून जाते."

पहिला महिना झकास गेला. भूक कडकडून लागायची, अंगात तरतरी. चेहराही भरला. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्याने माणसाला बरं वाटतं आणि विषाणूला मोकळं रान मिळतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तेव्हा मला तो भरलेला चेहरा आठवला.

सातव्या आठवड्यात फोडणीचा वास सहन होईना. लघवी गडद पिवळी होऊ लागली. सर म्हणाले, "विष बाहेर पडतंय." आणि मी खूश झालो! खरं सांगतो, रोज सकाळी रंग बघून समाधान वाटायचं. बायकोने उजेडात तोंड धरून डोळे पाहिले, पांढऱ्या भागावर हळद फासल्यासारखी. सरांनी पूड दुप्पट केली. मग पँटचं बटण लागेना. वजन वाढलं म्हणावं तर दंड वाळलेले. पोटात पाणी झालं होतं.

दहाव्या आठवड्यात तिसऱ्या हप्त्याचा चेक लिहायला बसलो. सही जमेना. तीस वर्षं करतोय ती सही. पहिलं अक्षर काढलं आणि पुढे काय ते आठवेना. दुसरा चेक फाडला, त्यावर आकडा नावाच्या जागी लिहिला. तिसऱ्यावर नुसती रेघ. बायको शेजारी उभी राहून बघत होती. तिने चेकबुक माझ्या हातातून काढून घेतलं आणि गाडी बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगितले, गाडी थांबवताना करतो तसे. पंजे धरता येईनात, आपोआप फडफडत खाली यायचे. एसजीपीटी हजाराच्या वर, काविळीचं बिलिरुबिन वाढलेलं, रक्त गोठायला लागणारा वेळ लांबलेला. यकृत शरीरातली घाण साफ करेनासं झालं की ती मेंदूवर चढते. माझी सही तिनेच खाल्ली होती. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?" यकृत प्रत्यारोपणाची गोष्ट बायकोशी बाहेर झाली, मला ती नंतर कळली.

गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. पोटातलं पाणी सुईने काढलं, मीठ तोडलं, पोट साफ ठेवायला लॅक्टुलोज. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या निघाल्या. फुटल्या असत्या तर रक्ताची उलटी झाली असती, म्हणून त्यांना रबराची बँड लावली. प्रत्यारोपणाशिवाय निभावलं. पण यकृत जिथे होतं तिथे परत आलेलं नाही. आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी, कारण यकृताचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही आणि हिपॅटायटिस बीमध्ये तो कधीकधी सिरॉसिस नसतानाही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये या आजाराने सुमारे 11 लाख माणसं गेली, मुख्यतः सिरॉसिस आणि या कर्करोगाने. सरांना हे सांगायचं राहूनच गेलं.

बरा झाल्यावर फोन केला होता. "तुम्ही कोर्स अर्धवट सोडलात," म्हणाले. पावत्या काढून बघितल्या तर दोन्हींवर लिहिलेलं, 'आहार सल्ला'. पुडीवर ना नाव, ना घटक, ना तारीख. तक्रार तरीही केली, उरलेल्या पुड्या जोडून. ज्यांना यातून जायचं नाही त्यांनी 'निगेटिव्ह' म्हटल्यावर एवढंच विचारावं की काय निगेटिव्ह, डीएनए की एचबीएसएजी? आणि गोळी चालू असताना की बंद केल्यावर? जुनाट आजारात एचबीएसएजी आपोआप जाते ती वर्षाला 100 पैकी जेमतेम एकाची. त्याची तारीख आधी सांगणारा माणूस काय विकतोय ते ओळखा.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका मुलाने फोनवर फोटो पाठवला. त्याच्या वडिलांना हिपॅटायटिस बी निघालाय, कुणीतरी खात्रीचा उपचार सुचवलाय, बघा ना काका, असं खाली लिहिलेलं. फोटोत एक रिपोर्ट होता, नाव काळ्या पट्टीने झाकलेलं, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'वर लाल गोल. कागद धरलेल्या अंगठ्याचं नख अर्धं काळं.

मी त्याला त्याच माणसाचा पुढचा रिपोर्ट पाठवला, दोन महिन्यांनंतरचा. नाव न झाकता.