जुन्या पॉवरशॉटवर सीएचडीके: आठ महिने वापरल्यावर

कॅननचा पॉवरशॉट ए590 आयएस हा छोटा डिजिटल कॅमेरा, 2008चं मॉडेल, 8 मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. कपाटात पडून होता, ऑक्टोबरात त्यावर सीएचडीके (कॅननच्या कॅमेऱ्यांना जादा सोयी देणारं फुकट सॉफ्टवेअर) टाकलं आणि तेव्हापासून तो बॅगेतून बाहेर निघालाच नाही.

आधी भीती काढून टाका. हे मूळ फर्मवेअरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला, हात लावत नाही, दरवेळी मेमरी कार्डावरून लोड होतं. कार्डाच्या कडेचा तो इवलासा लॉकचा खटका खाली सरकवला की सीएचडीके सुरू होतं, परत वर केला की कॅमेरा पहिल्यासारखा, आणि गंमत म्हणजे कार्ड लॉक असूनही फोटो त्यावर सेव्ह होतात. कॅमेऱ्यातल्या फर्मवेअरच्या वर्जनशी मात्र सीएचडीकेचं वर्जन तंतोतंत जुळलं पाहिजे, मी घाईत 1.00ई चं उतरवलं आणि माझा निघाला 1.01बी, मग काय, कॅमेरा हँग, सेल काढून परत घातले तेव्हा ठीक झाला. कार्डही 2 जीबीचं वापरा, ह्या मॉडेलला सीएचडीके सुरू करायला कार्ड फॅट16 ह्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं लागतं.

रॉ साठी (सेन्सरवरून आलेला, प्रक्रिया न केलेला फोटो) म्हणून टाकलं होतं खरं, पण एकेक फाइल 10 एमबीची आणि सेव्ह व्हायला वेळ खाते, त्यामुळे रॉ क्वचितच चालू करतो. रोज कामी येतो तो झेब्रा. उन्हात कुणाचा पांढरा सदरा जळतोय, म्हणजे जास्त उजेडाने नुसता पांढरा डाग होतोय, ते क्लिक करायच्या आधीच स्क्रीनवर लुकलुकतं, लगेच एक्सपोजर खाली घ्यायचं.

आणि विजा! मे महिन्यात वळवाचा पाऊस आला तेव्हा गच्चीत पत्र्याखाली ट्रायपॉड लावला, फोकस अनंतावर लॉक केला आणि मोशन डिटेक्शनची स्क्रिप्ट चालू केली. ती स्क्रीनचे चौकोन पाडून प्रत्येकातला उजेड बघत राहते, कुठे फरक पडला की शटर. वीज बऱ्याचदा एकाच वाटेने दोन-तीनदा लखलखते, म्हणून पहिली चमक हुकली तरी पुढची सापडते. पाऊण तासात बरेच फोटो नुसत्या उजळलेल्या ढगांचे निघाले, पण तीन असे आले की पाण्याच्या टाकीमागे उतरलेली वीज, तिचे बारीक फाटे सुद्धा स्पष्ट दिसतायत.

मेनू किचकट आहे, पहिला आठवडा वैताग येतो. सेल मात्र चांगले रिचार्जेबलच घ्या, साधे अर्ध्या पावसातच संपले माझे.