रात्री घरी आलेला ‘प्राण्यांचा डॉक्टर’ आणि आमचा तुंबलेला बोका

घरात बोका असेल तर हे जरूर वाचा आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनाही पाठवा. आमचे पैसे गेले, त्याचा राग आहेच. पण त्या माणसाने आमच्या मन्याचे जे तास खाल्ले त्याबद्दल मी त्याला कधीच माफ करणार नाही.

मन्या संध्याकाळपासून सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता. कुंथायचा, ओरडायचा, बाहेर यायचा आणि पुन्हा आत. वाळू मात्र कोरडीच. रात्री उलट्या सुरू झाल्या आणि तो पलंगाखाली जाऊन निपचित पडला. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला होता. मोबाइलवर शोधलं तर सगळ्यात वर जाहिरात आली: ‘२४ तास, घरपोच, तज्ज्ञ पशुवैद्य’. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली भरभरून कौतुक. ते कौतुक मी नंतर नीट वाचलं. ‘उत्तम सेवा’, ‘देवमाणूस’ असं सगळं होतं, पण कुठल्या प्राण्याला काय झालं होतं आणि त्यावर काय केलं, हे एकानेही लिहिलेलं नव्हतं.

फोनवर पहिला प्रश्न आला तो पत्त्याचा, दुसरा पैसे कसे पाठवणार याचा. नर की मादी, वय किती, शेवटची लघवी कधी झाली, यातलं काहीच विचारलं नाही. मी आपणहून सांगायला लागले तर म्हणाला, “ताई, ते आल्यावर बघू. आधी बुकिंगचे टाका, म्हणजे गाडी निघेल.” टाकले. थोड्या वेळाने पुन्हा फोन: ऑक्सिजनचं सिलिंडर आणावं लागेल, त्याचे वेगळे. तेही पाठवले. माझा धाकटा भाऊ म्हणाला, आपणच त्याला कुठेतरी घेऊन जाऊ. त्यावर फोनवरून उत्तर आलं, “अजिबात हलवू नका, रस्त्यातच जाईल. आता कुणीही उघडं नाही.” त्या रात्रीचं सगळ्यात घातक वाक्य हे होतं आणि ते धडधडीत खोटं होतं. रात्रभर चालणारं प्राण्यांचं रुग्णालय गाडीने सहज गाठता येईल इतकं जवळ होतं.

शेवटी तो एकटाच आला. सिलिंडर नव्हतंच. त्याने मन्याचं पोट चाचपलं नाही, हिरड्या पाहिल्या नाहीत, ताप मोजला नाही, वजन विचारलं नाही. “उन्हाळी लागलीय, लघवी सुटायचं इंजेक्शन देतो,” म्हणाला आणि टोचून मोकळा झाला. बाटली दाखवा म्हटलं तर ती खिशात गेली. औषधाचं नाव आणि नोंदणी क्रमांक कागदावर लिहून द्या म्हटलं तर आवाज चढला: “जनावर मरायला टेकलंय आणि तुम्हाला कागद सुचतायत?” उरलेले पैसे घेऊन निघताना वर सल्ला दिला, की दुखत असेल तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्या.

ती गोळी आम्ही दिली नाही, कारण पॅरासिटामॉल मांजराला विष आहे हे भावाला माहीत होतं. मांजराचं यकृत ते औषध नीट पचवून बाहेर टाकू शकत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, आणि त्यासाठी अर्धी गोळीही पुरते. ज्याला एवढं ठाऊक नाही तो मांजरांचा डॉक्टर नाही, हे आम्हाला तिथेच कळलं. आम्ही मन्याला पेटीत घातलं आणि रुग्णालयांना फोन लावत निघालो.

खऱ्या रुग्णालयात फोन उचलणाऱ्या मुलीने सर्वांत आधी विचारलं, “बोका आहे का? लघवीचा थेंब तरी पडतोय का?” मग म्हणाली, लगेच निघा, पोट दाबू नका, आणि कुणी काही इंजेक्शन दिलं असेल तर येऊन सांगा. पोहोचताच मन्याला आत घेतलं. आमच्या आधीचे लोक बसलेले होते, पण अशा ठिकाणी क्रम येण्याच्या वेळेवर ठरत नाही, जीव कुणाचा जास्त धोक्यात आहे त्यावर ठरतो.

डॉक्टर बाईंनी पोट चाचपलं तर मूत्राशय दगडासारखं कडक. बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाला फार अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट गाळ तिथे अडकला की लघवी पूर्ण तुंबते, मूत्रपिंडं काम थांबवतात आणि रक्तातलं पोटॅशियम चढत जातं. ते चढलं की हृदयाचे ठोके मंदावतात, बिघडतात, आणि शेवटी हृदय थांबतं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मन्याचे ठोके मंदावलेच होते. आधी हृदय सांभाळायला शिरेतून कॅल्शियम, मग सलाइन, मग गुंगी देऊन नळी घालून मार्ग मोकळा केला. त्या माणसाने काय टोचलं ते समजायला मार्गच नव्हता. लघवी वाढवणारं औषध असेल तर तुंबलेल्या बोक्याला त्याने अपायच होतो, असं बाई म्हणाल्या. नळी काही दिवस तशीच ठेवावी लागली. मन्या वाचला, पण त्याची मूत्रपिंडं आता वरचेवर तपासावी लागतात.

पैशांबद्दल एक स्पष्ट सांगते, कारण अशा अनुभवानंतर लोक सगळ्याच डॉक्टरांना लुटारू म्हणायला लागतात. रुग्णालयानेही आगाऊ रक्कम घेतली, आणि ती त्या माणसाच्या मागणीपेक्षा मोठी होती. पण मन्याला तपासून, अंदाजपत्रक हातात देऊन, कशाचे किती ते समजावून, संमतीपत्रावर सही घेऊन मगच. रात्रभर त्याच्या पिंजऱ्याशी बसून दर थोड्या वेळाने लघवी मोजून लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या कष्टाला पैसे लागतात आणि ते द्यायलाच हवेत.

घरी येणारे चांगले पशुवैद्यही असतात. पण तुंबलेल्या लघवीला नळी, रक्ततपासणी आणि रात्रभराची देखरेख लागते, ती घरात होत नाही. तेच मोठ्या कुत्र्याचं पोट अचानक फुगलं आणि तो नुसता ओकाऱ्या काढतोय, पडत काहीच नाही, अशा वेळी: जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यावर शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून प्राणी ठणठणीत असतानाच रात्री चालू असणाऱ्या रुग्णालयाचा क्रमांक नेहमीच्या डॉक्टरांकडून घेऊन ठेवा. नोंदणी क्रमांक कुठलाही खरा डॉक्टर न चिडता सांगतो.

पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि फोनचे तपशील जोडून आम्ही पोलिसांत आणि पशुवैद्यक परिषदेकडे तक्रार दिली आहे. तो क्रमांक आता बंद आहे. पण तोच पांढऱ्या कोटातला फोटो गेल्या आठवड्यात मला दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसला, खाली वेगळा क्रमांक आणि तेच शब्द: २४ तास, घरपोच.