आदिरेचा बुबू: नऊ महिने अंगावर वागवल्यानंतर

पन्नाशी आली आणि अंगातून अचानक गरम वाफा यायला लागल्या. त्यात नायजेरियातल्या लागोसची दमट हवा. रात्री लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतची पाच मिनिटं सुद्धा नकोशी होत. पंजाबी ड्रेस अंगाला चिकटायचा आणि गाऊन घालून खाली दुकानात जाववेना. मजल्यावरच्या सगळ्या इथल्या योरुबा समाजाच्या शेजारणी मात्र घोळदार बुबूत निवांत वावरताना दिसत. त्याच बुबूत कोणी बाजारात जाई, कोणी चर्चमध्ये, तर कोणी बाळाला पाठीशी बांधून जिने चढे. म्हणून गेल्या सप्टेंबरात मीही घ्यायचं ठरवलं. आज जून आहे. या नऊ महिन्यांत दोन बुबू आणि एक ‘गेले-इपेले’चा, म्हणजे डोक्याला आणि खांद्यावर घ्यायच्या कापडांचा, जोड वापरून झाला. कौतुक आणि तक्रार, दोन्ही मनापासून लिहिते आहे.

आधी बुबू म्हणजे काय ते सांगते, कारण गावाकडच्या मैत्रिणी फोटो पाहून ‘कफ्तान का?’ असं विचारतात. चार-पाच वार कापड मधोमध दुमडायचं, घडीवर गळा कापायचा आणि दोन्ही कडांपासून आत वीतभर सोडून वरून खाली सरळ शिवण मारायची. शिवणीबाहेर उरतं त्याच्याच बाह्या होतात. डार्ट्स नाहीत, चेन नाही, मापाची कटकट नाही. माझ्या टेलरने कमरेच्या आतून नाडी घातली आहे, ती ओढली की पुढून थोडा आकार येतो. कापड जवळजवळ अखंड राहतं, हे साडीत वाढलेल्या माझ्यासारखीला फार जवळचं वाटलं. हा पोशाख मूळचा योरुबांचा मात्र नाही, तो सेनेगल-मालीकडून पसरला. योरुबा बायकांचा स्वतःचा पोशाख म्हणजे कमरेला गुंडाळायचा इरो, वर सैल बुबा, डोक्याला गेले आणि खांद्यावर इपेले. योरुबांचं खास म्हणावं ते आदिरे, म्हणजे गाठी, टाके किंवा खळ वापरून नक्षीची जागा कोरी राखत निळीत रंगवलेलं कापड, आणि माझा सगळा जीव त्या कापडातच अडकला.

पहिला बुबू लागोसमधल्याच एका दुकानातून ‘अस्सल आदिरे’ म्हणून घेतला. गर्द निळा, त्यावर पांढरी वर्तुळं. अंगात घातला आणि तासाभरात घामाची धार लागली, कारण त्यात सुती धागा नावालाच होता. महिन्याभरात वर्तुळांच्या कडा राखाडी पडल्या. तेव्हा उलटा करून पाहिला तर मागची बाजू पांढुरकी! म्हणजे यंत्रावर छापलेला माल. असं छापील कापड हल्ली बाजारात ढिगाने येतं आणि आदिरेच्या नावावर खपतं. मला माझ्या पैशांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला तो ज्या बायका हात निळे करून हे कापड रंगवतात त्यांच्या पोटावर पाय येतो याचा. त्या बुबूची आता फडकी झाली आहेत.

मग शेजारीण म्हणाली, अबेओकुटाला जा. 2021 मध्ये सुरू झालेली लागोस-इबादान रेल्वे आहेच, मध्ये अबेओकुटाचं स्टेशन लागतं. त्याला तिथेच जन्मलेले नोबेल विजेते लेखक वोले सोयिंका यांचं नाव दिलं आहे. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून टॅक्सी करून इटोकू बाजार गाठायचा. दोन्ही बाजूंना आदिरेचेच गाळे, वर टांगलेलं आदिरे, खाली घड्या घातलेलं आदिरे. बायका त्यांच्या कामात होत्या. मी शेजारणीने शिकवल्याप्रमाणे ‘ए कु इशे, मा’ म्हटलं. काम करणाऱ्या माणसाला योरुबात असाच नमस्कार करतात. एका वयस्कर बाईने लगेच स्टूल पुढे सरकवलं. मी काही विचारायच्या आत तिने कापड उलटंसुलटं करून दाखवलं: ‘सी फ्रंट, सी बॅक.’ दोन्हीकडे रंग सारखा मुरलेला.

तिथे शिकलेलं इथे लिहिते, घेणाऱ्याला उपयोगी पडेल. गाठी बांधून रंगवलेलं ते आदिरे ओनिको. पूर्वी राफिया नावाच्या ताडाच्या धाग्याने बांधत, हल्ली नायलॉनची दोरी पण वापरतात. बांधणी पाहिलेल्या आपल्या डोळ्याला ते लगेच ओळखीचं वाटतं. सुईने टाके घालून, कापड चुणून रंगवलेलं ते आलाबेरे. आणि कसाव्याच्या, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाच्या, पिठाची खळ कोंबडीच्या पिसाने किंवा पत्र्याच्या जाळीतून कापडावर चढवून रंगवलेलं ते एलेको. एलेकोची खळ एकाच बाजूला असते, म्हणून त्याच्या मागच्या बाजूला नक्षी पुसट आणि निळी दिसते. मागची बाजू निळी असेल तर घाबरू नका, पांढरी असेल तर घेऊ नका. मेणाने छापलेलं रंगीबेरंगी कापडही तिथे भरपूर आहे, त्याला तिथले लोक ‘कंपाला’ म्हणतात. ते स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण माझं मन निळ्यावरच बसलं.

जुन्या एलेकोच्या नक्षींना नावं आहेत. एकीचं नाव इबादानदुन, म्हणजे ‘इबादान गोड आहे’. तिच्यात इबादानच्या मापो हॉलचे खांब काढलेले असतात आणि मधल्या मोकळ्या जागेत चमचे. समुद्रदेवता ओलोकुनच्या नावाची एक आहे. 1935 मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा राजा-राणीचे चेहरे असलेली नक्षीही निघाली. पूर्वी अडीच-अडीच वारांचे दोन तुकडे जोडून एक इरो करत. आजही इटोकूत कापड पाच वारांच्या हिशोबाने मिळतं. पाचवारी म्हणा ना!

रंगकामही पाहायला मिळालं. रंगवणाऱ्या बाईला आलारो म्हणतात. पिंपातून कापड वर काढलं तेव्हा ते निळं नव्हतंच, पिवळट हिरवं होतं, कैरीच्या सालीसारखं. मग हवा लागली तसा कडेकडून निळा चढत गेला आणि दोन-चार मिनिटांत सगळं कापड निळं झालं. मी तिथेच उभी राहिले, हलवेना. पूर्वी एलू नावाच्या झाडाची कोवळी पानं कुटून, गोळे वाळवून, राखेच्या पाण्यात मातीच्या मडक्यांत दिवसचे दिवस आंबवून हा रंग करत. माझ्या बाईने मात्र काही न लपवता सांगितलं की ती नीळपावडर, कॉस्टिक सोडा आणि ‘हायड्रो’ नावाचं रसायन वापरते. या कॉस्टिकवरून 1930 च्या दशकात अबेओकुटात मोठा वाद झाला होता. राजाने बंदी घातली आणि रंगवणाऱ्या बायका त्याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्याच गावात पुढे 1947 मध्ये बायकांवरच्या कराविरुद्ध फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांनी हजारो बायका रस्त्यावर आणल्या. रॅन्सम-कुटी स्वतः साहेबी झगे सोडून इरो-बुबाच नेसायच्या, आणि ते ठरवून. माझ्यासाठी हे कापड नुसतं निळं राहिलं नाही ते यामुळे.

आता वापराचं. मी ओनिको घेतलं. पहिल्या धुण्याला बादली शाईसारखी झाली. कोणी मीठ सांगितलं, कोणी व्हिनेगर. मीठ घालून पाहिलं, काही फरक नाही. नीळ धाग्यावर थर देऊन बसते आणि वरवरचा रंग निघून जाईपर्यंत धूत राहणं हाच उपाय. मला सात धुणी लागली. पण व्हिनेगर जरूर वापरा, कारण पहिल्या आठवड्यात गळ्याला खाज येत होती ती कापडात उरलेल्या कॉस्टिकची. भरपूर पाण्यात आणि शेवटी थोड्या व्हिनेगरच्या पाण्यात खळबळून काढलं आणि खाज थांबली. पहिले दोन महिने आत पांढरं काही घालू नका. माझ्या दोन बॉडिसा आणि सोफ्याचं एक कव्हर निळं झालं, ते आजतागायत निघालेलं नाही. पिळायचं नाही, उलटं करून सावलीत वाळत घालायचं.

अंगावर मात्र काय सुख आहे! चालताना बाह्यांतून वारा आत शिरतो आणि पायाशी बाहेर पडतो. गरम वाफ आली की मी फक्त दोन्ही हात थोडे पसरते. हारमॅटनमध्ये, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत सहारातून कोरडा धुळकट वारा येतो तेव्हा, तोच बुबू आत लांब बाह्यांचा टीशर्ट घालून वापरला. रात्री घालून झोपले, सकाळी बँकेत गेले, कोणाला कळलंही नाही. जिन्यात भेटणाऱ्या म्हाताऱ्या बायका कापड चिमटीत धरून ‘ओ दारा’ म्हणतात, छान आहे. छापील बुबूला असं कोणी एकदाही म्हटलं नव्हतं.

डाव्या खांद्याखाली एक वर्तुळ आहे, ते अर्धंच पांढरं राहिलं आहे. तिथे गाठ सैल पडली असणार, रंग आत घुसला आणि केसासारखी बारीक निळी रेघ मध्यापर्यंत गेली. बाकीच्या वर्तुळांच्या कडेला धाग्याने आवळल्याच्या चुण्या अजून हाताला लागतात. इस्त्री फिरवली तरी पूर्ण जात नाहीत, आणि जाऊही नयेत. रंग आता गळ्याशी आणि मांडीवर फिका झाला आहे, बाह्यांच्या टोकाला अजून गर्द. मला तो नव्यापेक्षा आज जास्त आवडतो.

तक्रारीही आहेत. स्वयंपाकघरात बाही गॅसकडे जाते. एकदा कढईच्या कानात अडकून आमटी सांडली, नशीब की ज्योत लागली नाही. ओट्याशी उभं राहताना बाह्या खांद्यावर पिनेने लावा, किंवा घालूच नका. मी बुटकी, त्यामुळे पहिले दोन आठवडे जिन्यावर पाय अडकायचा. टेलरकडून तीन इंच आत दुमडून घेतला. गळा त्याने इतका मोठा कापला की वाकलं की खांद्यावरून घसरायचा, तोही आवळला. आणि खिसे शिवून घ्या, शिवणीतच बसतात.

गेले-इपेलेचा जोड आशो-ओके नावाच्या विणलेल्या कापडाचा आहे. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तीनदाच वापरला. ह्यांच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या आईचं नव्वदीत निधन झालं. पिकल्या वयाचं मरण इथे थाटामाटाने, जेवणावळी आणि नाचगाण्याने साजरं करतात. घरच्यांनी आशो-एबी म्हणून सगळ्यांना एकाच रंगाचं कापड घ्यायला सांगितलं. अरुंद मागावर विणलेल्या चार-सहा इंची पट्ट्या जोडून आशो-ओके बनतं, इसेयिन हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. दिसायला राजेशाही, पण जरीचं असल्याने कडक आणि गरम. गेले बांधायला मला अर्धा तास लागला आणि दोन तासांत कपाळ दुखायला लागलं. नवख्या बाईने तयार बांधलेलं ‘ऑटो-गेले’ घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

किंमत लिहीत नाही. जून 2023 नंतर नायरा, म्हणजे इथलं चलन, इतका घसरला की आजचा आकडा तुम्ही वाचाल तेव्हा निरुपयोगी असेल. एवढंच सांगते की हाताने रंगवलेला बुबू मला छापील बुबूच्या दुपटीहून थोडा जास्त पडला.

मे महिन्यात इचलकरंजीला गेले तेव्हा बुबू सोबत नेला. सासूबाईंचं अख्खं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं आहे. त्यांनी नक्षीकडे पाहिलंच नाही. कापड उजेडाकडे धरलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, ‘रंग झकास बसलाय गं. पण ताणा विरळ आहे. बसायच्या जागी आधी विरेल बघ.’

‘नाही हो आई, अजून नवा आहे,’ मी म्हटलं.

परत आल्यावर महिन्याभरात नेमका तिथेच विरला. आतून अस्तराचा तुकडा लावून घेतला आहे, आणखी वर्षभर तरी चालेल. पण ही खरी उणीव आहे. रंगाची कारागिरी अव्वल आणि खालचं पांढरं कापड हलकं, असं बऱ्याच गाळ्यांत दिसतं. घेताना कापड उजेडाकडे धरून पाहा. जाड सुती कापड मागितलं तर मिळतं, थोडे जास्त पैसे पडतात.

पुढच्या शनिवारी परत इटोकूला जाते आहे. या वेळी एलेको घेणार, जाड कापडावरचं, दोन नग. दुसरा सासूबाईंसाठी. फोनवर त्यांनी सांगून ठेवलंय: लांबी घोट्याच्या वर, बाही कोपरापर्यंत, आणि चष्म्याच्या घराएवढा खिसा उजवीकडे.