डाव्या हाताची दहा इंची कात्री: आठ महिने वापरून

मी घरी ब्लाउज शिवते, कोल्हापुरात. सव्वीस वर्षं झाली. महिन्याला पन्नास-साठ ब्लाउज होतात, लग्नसराईत जास्त. मी डावरी आहे, आणि या सव्वीसपैकी सव्वापंचवीस वर्षं मी उजव्या हाताच्या कात्रीने कापड बेतलं. आठ महिन्यांपूर्वी जपानी बनावटीची, खास डाव्या हातासाठी घडवलेली दहा इंची कात्री मागवली. १,९५० रुपये पडले.

आधीची कात्री मेरठची होती. मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते योग्यच आहे. माझ्या त्या कात्रीत काहीही खोट नव्हती. शेजारच्या काकू तीच उचलून सरसर कापायच्या. माझ्या हातात आली की जॉर्जेट दोन पात्यांच्या मध्ये दुमडायचं, अस्तर चावल्यासारखं तुटायचं. शिवण क्लासला बाई म्हणायच्या, हात बसला की जमेल. हात बसला, पण अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडला आणि मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, गोलाई कापताना खडूची रेघ दिसायची नाही ती नाहीच. इतकी वर्षं मी धरून चालले होते की माझाच हात वाईट आहे.

खरं कारण पात्यांच्या रचनेत आहे. कापताना धरतो तशी कात्री धरली, टोक समोर, की साध्या कात्रीचं वरचं पातं नेहमी उजवीकडे असतं. कात्री उलटी करून धरली तरी वर येणारं पातं उजवीकडेच राहतं. उजव्या हाताने मूठ आवळली की बोटांचा आणि अंगठ्याचा जोर दोन्ही पाती एकमेकांवर दाबतो. डाव्या हाताने आवळली की तोच जोर पाती एकमेकांपासून लांब ढकलतो. मधे फट पडते आणि पातळ कापड त्या फटीत शिरतं. शिवाय वरचं पातं नेमकं रेघेवर आडवं येतं, म्हणून मान डावीकडे वाकवून, मनगटावरून डोकावून कापावं लागतं. माझी मान का दुखायची ते मला या कात्रीने सांगितलं.

डाव्या हाताच्या कात्रीत वरचं पातं डावीकडे असतं. एवढाच फरक, पण सगळा फरक तोच.

विकत घेताना इथेच फसवणूक होते. महाद्वार रोडवरच्या शिलाई सामानाच्या दुकानांत विचारलं, पुण्याला गेले तेव्हा तुळशीबागेत विचारलं. दोन ठिकाणी 'दोन्ही हातांना चालते' म्हणून कात्री दाखवली. एक मी घेतलीही, ४८० रुपयांना. तिच्या मुठी दोन्ही बाजूंनी सारख्या होत्या, पाती मात्र उजव्या हाताचीच. बोटांना टोचत नव्हती, कापत तशीच होती. दहा माणसांत एक डावखुरा असतो आणि एवढ्या मोठ्या बाजारात त्याच्यासाठी एक कात्री ठेवत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटलं. म्हणून सांगते, कंपनी कुठलीही असो, मूठ बघू नका, वरचं पातं कुठल्या बाजूला आहे ते बघा. ऑनलाइन घेत असाल तर उघड्या कात्रीचा फोटो मोठा करून बघा.

आता पहिल्या आठवड्याबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. कात्री आली त्या दिवशी ती कापेचना. मी घाबरले, पैसे गेले असं वाटलं. झालं असं होतं की जुन्या कात्रीची पाती जवळ ठेवायला माझा अंगठा नकळत आतल्या बाजूला ओढायला शिकला होता. तीच ओढ या कात्रीत पाती फाकवत होती. मग जुन्या सुती साडीच्या पट्ट्या कापत बसले, रोज अर्धा तास, अंगठा सैल सोडून. नवव्या दिवशी हाताला कळलं. पंधराव्या दिवशी गिऱ्हाइकाच्या इरकलला कात्री लावली. कटोरीची गोलाई एका दमात, रेघ डोळ्यांसमोर, कडेला एक दातरा नाही. मी ते कापड हातात घेऊन नुसती बसून राहिले.

उरेब पट्ट्या, म्हणजे कापड तिरकं धरून कापलेल्या पट्ट्या, आता निम्म्या वेळात होतात. घट्टा मऊ पडत चाललाय.

दोन तक्रारी आहेत. वजन जास्त आहे, सलग दहा-बारा ब्लाउज बेतले की मनगट जाणवतं. आणि अंगठ्याची गोलाई अरुंद आहे, जाड बोटांच्या माणसाला अडचण होईल. धारेचं मात्र जपा. गल्लीत येणाऱ्या धारवाल्याला मी आधी नीट समजावलं की धार उलट्या बाजूने आहे, आतली सपाट बाजू चाकाला लावायची नाही, फक्त बाहेरचा उतार घासायचा. त्यांनी माझ्यासमोर हळूहळू लावून दिली, चांगली लागली. न सांगता देऊ नका.

कुणाला वाटेल, डावऱ्या माणसाची मशीनवरही अशीच अडचण होत असेल. तसं नाही. मी आजीच्या हातमशीनवर शिकले. तिचं चाक उजव्या हाताने फिरवायचं आणि कापड डाव्याने सरकवायचं, म्हणजे नाजूक काम आपल्याच हाताकडे. विळीवरही कधी अडलं नाही, पातं उभं असतं, भाजी कुठल्याही हाताने धरा. अडायचं ते फक्त कात्रीशी.

रोज बेतणाऱ्यांनी ही जरूर घ्यावी. महिन्यातून एखादा फॉल लावणाऱ्यांना एवढे पैसे घालायची गरज नाही, लहान आठ इंची पुरेल. माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी डावरी आहे, दहावीतली. ती मान वाकवून कापायला लागली तशी मी तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि ही दिली. तिच्यासाठी आठ इंची मागवली आहे, पुढच्या आठवड्यात येईल.