पद्मिनीची अक्षरं: नक्कल घेऊ नका, जुनीच चमकवा

बाबांच्या १९८२च्या प्रीमियर पद्मिनीच्या डिकीवरच्या नावाला फोड आले होते. आधी चोर बाजारातून साडेतीनशेला नवी नक्कल आणली. प्लास्टिकची निघाली. मागच्या पिना भोकांत बसेनात आणि पहिल्याच पावसाळ्यात मुलामा पापुद्र्यासारखा सुटला. पैसे वाया.

मग जुनीच अक्षरं ठाण्यातल्या एका क्रोम प्लेटिंगवाल्या काकांकडे दिली. त्यांनी जुना थर उतरवला, खड्डे भरले, मग आधी तांबं, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोम चढवलं. बाराशे रुपये आणि तीन आठवडे लागले, पण काम अप्रतिम! पहिल्या ‘पी’च्या वळणावरची बारीक धार तशीच राहिलीय. मशीनवर घाईने घासलं की आधी तीच झिजते. काकांनी तेवढा भाग हाताने घासला.

कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ साली मिळालं, त्याआधी ती प्रेसिडेंट होती. आमची आजी मात्र शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणायची. माझ्यासाठी ती या तिरक्या, जोडून लिहिलेल्या अक्षरांचीच गाडी. आता पुढच्या जाळीवरचं चिन्हही काकांकडेच देणार आहे.