टोर्शन बार 'नवीन' टाकले, २२,१०० रुपये घेतले आणि फिरवला फक्त बोल्ट

टोर्शन बारची (पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे) जोडी ९,६००, चाक धरणाऱ्या वरच्या-खालच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबर) ३,४००, चार बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधले गोल सांधे) ४,४००, मजुरी ३,५००, अलाइनमेंट १,२००. एकूण २२,१००. सगळे रोख मोजले. यातली एक वस्तूसुद्धा माझ्या गाडीत पडलेली नाही. गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, कारण उद्या तोच माझ्यावर बदनामीची केस टाकायचा. नारायणगाव-आळेफाटा पट्ट्यात जुनी पिकअप चालवणाऱ्यांनी जपून राहा एवढंच.

गाडी २०१२ची टाटा झेनॉन पिकअप, टोमॅटोच्या क्रेटवर चालते. डावीकडून दीड इंच बसली होती, स्टेअरिंग डावीकडे ओढत होतं आणि पुढचा डावा टायर आतून खाल्ला होता. टोर्शन बारची गाडी इतक्या वर्षांनी बसतेच, त्यात नवल नाही. बारच्या मागच्या टोकाचा बोल्ट आवळला की गाडी उचलते, हे मलाही माहीत होतं. पण गॅरेजवाल्याने जॅक लावला, चाक हलवून दाखवलं आणि म्हणाला, "दादा, बोल्ट आवळून चार दिवस चालंल. बारची ताकद गेलीय, बॉल जॉइंट तर कधीबी निखळंल. माळशेजला उतारावर चाक निघालं तर?" माळशेजचं नाव घेतल्यावर कोण वाद घालणार?

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो, वाकून पाहिलं. बार काळाकुळकुळीत. हात लावला तर बोटाला काळा रंग लागला. ओला रंग! नवीन पार्टचा रंग कारखान्यातच वाळलेला असतो, गॅरेजात येऊन ओला होत नाही. तिथेच कॉलर धरायला हवी होती. जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला दुपारीच घेऊन गेला". वर अलाइनमेंटचा कागद हातात दिला, त्यात कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आधी लाल, नंतर हिरवा. झेनॉनचा कॅम्बर वरच्या आर्मच्या शिमा (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमीजास्त करून बसवतात आणि त्या शिमांवर गेल्या पावसाळ्यातला चिखल तसाच वाळलेला होता. तोही दिसला होता मला. पण शेतात पन्नास क्रेट भरून पडले होते, मार्केट वाट बघत नाही आणि गाडी समोरून छान सरळ उभी दिसत होती. माझ्या जागी कुणीही किल्ली घेतलीच असती.

बिलाचंही तेच. "पक्कं पाहिजे तर १८ टक्के वर, दादा." म्हणजे ३,९७८ रुपये जास्त. सगळा तालुका कच्च्या चिठ्ठीवर काम करतो, मीच काय वेगळा?

मग टायर बाहेरून खायला लागला. आधी आतून, आता बाहेरून! खड्ड्यात पुढून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी त्याच्या गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली आणि रॉकेलच्या फडक्याने बार पुसला. खाली जुना गंज. बोल्टचे आटे मात्र ताजे चकचकीत. बॉल जॉइंटचं रबर फाटलेलं, आत ग्रीसचा पत्ता नाही. दोन्हीकडचे बोल्ट वाटेल तसे आवळून गाडी नुसती उचललेली, त्यामुळे कॅम्बर बाहेर गेला आणि टो (वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) पण बिघडला. या म्हाताऱ्या मिस्त्रीची पद्धत ऐका, म्हणजे तुम्हाला कुणी गंडवणार नाही: आधी बुश-बॉल जॉइंट तपासायचे, मग टायरची हवा सारखी करून सपाट फरशीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजत उंची जुळवायची, गाडी थोडी पुढेमागे ढकलून परत मोजायची. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, त्यातही टो सर्वात शेवटी. उंचीला हात लावला की आधीची अलाइनमेंट वाया.

पोलीस ठाण्यात गेलो. "बिल आहे का? नाही? मग काय चौकशी करायची?" दुसरा म्हणाला, ही दिवाणी बाब आहे. लबाडीने पैसे काढले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, म्हटल्यावर साहेब हसले, "वकील आहात का?" १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, तिथेही बिल क्रमांक. आरटीओत एकाला विचारलं, तर तो म्हणे गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग येतं कुणाकडे? ग्राहक आयोगाच्या दारात एकाने सांगितलं, गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. साफ खोटं! स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर २०१९च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच आहात आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी शून्य आहे. हे मला कुणी खुर्चीतल्या माणसाने सांगितलं नाही, पुतण्याने मोबाइलवर शोधलं. पगार कशाचा घेतात ही माणसं?

काम सुरू व्हायच्या आधी बार, आर्म, शिमा यांचे फोटो काढा. जुन्या पार्टवर खडूने नाही, पंचने खूण करा. जुने पार्ट हातात पडल्याशिवाय नोट काढू नका. पैसे यूपीआयने द्या, निदान तेवढा तरी पुरावा राहतो. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, ओल्या रंगाचा डाग लागलेला तो अलाइनमेंटचा कागद आणि म्हाताऱ्या मिस्त्रीचं लेखी म्हणणं आहे. त्यावर आयोगात तक्रार टाकतोय. पोलिसांकडचा अर्जही लेखी दिलाय. ठाणे अंमलदार "ठेवा इथं" म्हणत होता, पण पोचेचा शिक्का बसेपर्यंत मी टेबलासमोरून हललो नाही.