हात आपोआप वर गेला आणि मी पैसे मोजले

मी पिंपरी-चिंचवडकडे जिप्सम सीलिंगची कामं करतो, 22 वर्षं झाली. दिवसभर मान वर, हात वर, हातात स्क्रू मारायचं मशीन. गेल्या वर्षापासून उजवा खांदा असा धरतो की त्या कुशीवर झोप लागत नाही. त्यामुळे हाताला आधार देणारा, अंगात घालायचा सांगाडा (एक्झोस्केलेटन म्हणतात त्याला) व्हिडिओत दिसला, तेव्हा मला तो हवाच झाला.

वस्तू खोटी नाही, हे आधी सांगतो. फोर्डने 2018 मध्ये 15 कारखान्यांतल्या, गाडीखाली उभं राहून काम करणाऱ्या कामगारांना असे सांगाडे दिले होते. त्यात बॅटरी नसते. कंबरेला पट्टा, पाठीला दांडा, खांद्याशी स्प्रिंग, दंडाखाली कप. हात उचलला की त्याचा भार खांद्यावरून कंबरेवर उतरतो. मला फसवलं ते मापात.

विक्रेता साइटवरच आला. मला सांगाडा चढवला, स्प्रिंगची चावी फिरवली आणि म्हणाला, "आता हात सैल सोडा." हात तरंगत वर गेला. बाजूची पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी तिथल्या तिथे 42 हजार पाठवले. बिल मागितलं तर "दोन दिवसांत देतो" म्हणाला. पैसे गेले एका माणसाच्या खात्यावर, दुकानाच्या नाही; हे मी नंतर पाहिलं.

तो तरंगणारा हातच फसवा होता. रिकामा हात वर जातोय म्हणजे स्प्रिंग जास्त ताणलीय. मग मशीन खाली घेताना, खालचा पाना घ्यायला हात नेताना, दर वेळी स्प्रिंगशी झगडावं लागतं. तिसऱ्या दिवशी करंगळीला मुंग्या यायला लागल्या, कारण कप काखेत रुतत होता. फोन केला की एकच उत्तर: "सवय होईल, दादा." दोनदा "फिटिंग चार्ज" म्हणून दीड-दीड हजार घेतले. एकदा पट्टे आवळले, दुसऱ्यांदा कपात फोम कोंबला. मग फोन लागेनासा झाला.

शेवटी सांगाडा घेऊन एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी तो माझ्या अंगावर चढवून शांतपणे समजावलं. आधी पट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. मग पाठीच्या दांड्याची लांबी. बिजागरी खांद्याच्या सांध्याच्या रेषेत हवी. कप दंडाच्या मधोमध; काखेत नको, कोपराजवळ नको. स्प्रिंग सगळ्यात शेवटी, आणि तीही आपलं मशीन हातात धरून. माझी बिजागरी सांध्यापेक्षा चार बोटं वर होती, आणि दांड्याला लांबी कमी करायची सोयच नव्हती. पाठीवरचं "फ्री साइज"चं स्टिकर ताईंनी नखाने उचललं. खाली छापलेलं होतं: एल. माझी उंची पाच फूट तीन इंच. त्या माणसाने स्प्रिंग आधी का फिरवली, ते मला तिथे कळलं. बाकीचं जुळवायला गेला असता तर माप चुकलेलं उघडं पडलं असतं.

तुमच्याकडे कुणी असा सांगाडा विकायला आला तर तो घालून, तुमचं मशीन हातात घेऊन, घोड्यावर (उभं राहायच्या स्टँडवर) चढून, तुम्ही स्वतः निदान दोन बोर्ड तरी लावून बघा. पैसे त्यानंतर. पट्टा, दांडा, बिजागरी, कप यांतलं काय हलतं आणि किती, ते त्याच्यासमोर हलवून बघा.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. "धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही," असं मला आमच्यातल्याच एकाने ऐकवलं होतं. ते खरं नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक कायद्यात बसते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. मी तिथेही अर्ज दिलाय. बिल नाही, पण पैसे पाठवल्याची नोंद आणि त्याचे "सवय होईल"चे मेसेज आहेत. तारीख लागायची आहे. तोवर सांगाडा घरी खुंटीला टांगलाय, स्टिकर अर्धं सोललेलं आहे तसंच ठेवून.